गाडीच्याच वेगानं गाडी थांबवणारा

पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील! नवी बाइक घेतल्यावर हे घरात कुणीतरी ऐकवतंच. शंभरेक वर्षांपूर्वी मोटारी बनवणाऱ्या भल्याभल्यांनाही हीच धास्ती होती. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळणारच नाही, म्हणून ब्रेक फक्त मागच्या चाकांना. खरं तर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि हलकी झालेली मागची चाकं घसरायला लागतात. इंजिनं दणकट होत चालली होती, थांबण्याचं मात्र देवाच्या भरवशावर.

या दुखण्यावर जालीम उपाय काढला मार्क बिर्किग्टनं. जन्म १८७८चा, जिनिव्हातला. आईवडील लहानपणीच गेले. तंत्रशिक्षण घेऊन हा पोरगा १८९९मध्ये थेट बार्सिलोनाला गेला, विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत. (हो, तेव्हाही ईव्ही होत्या!) ती कंपनी बुडाली, तिच्या जागी आलेलीही टिकली नाही. मग १९०४मध्ये उभी राहिली हिस्पॅनो-सुइझा. नावाचा अर्थ स्पॅनिश-स्विस. पैसा स्पेनचा, डोकं बिर्किग्टचं. पहिल्या महायुद्धात त्याच्या व्ही-८ इंजिनावर फ्रान्सची स्पॅड लढाऊ विमानं उडाली.

युद्ध संपलं आणि १९१९च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात त्याची एच-६ आली. ६.६ लिटरचं इंजिन आणि चारही चाकांना ब्रेक. तसे चारचाकी ब्रेक इटलीच्या इसोता फ्रास्किनीनं १९१०मध्येच दिले होते. अडचण होती ताकदीची. एवढं अवजड धूड नुसत्या पायाच्या जोरावर थांबवायचं, म्हणजे ड्रायव्हर पैलवानच हवा.

बिर्किग्टनं विचार केला, धावणाऱ्या गाडीत जोर आहेच की, तोच वापरू! फिरत्या चाकाला हात लावला की चाक हाताला ओढून नेतं ना? तसंच. गिअरबॉक्सवरून फिरणारा एक छोटा क्लच त्यानं बसवला. पेडल हलकंसं दाबलं की क्लच पकडतो, फिरता फिरता ब्रेकचे दांडे ओढतो आणि चारही ड्रम आवळले जातात. जोर गाडीचा, पायाचं काम फक्त इशारा देण्याचं. हाच सर्वो. ड्रमही ॲल्युमिनियमचे, उष्णता झटकन बाहेर टाकणारे. नुसत्या इंजिनावर ही गाडी इतकी गाजली नसती, असं मला वाटतं.

या सर्वोचा परवाना पुढे कुणी घेतला असेल? चक्क रोल्स-रॉइसनं! बिर्किग्ट १९५३मध्ये गेला. हिस्पॅनो-सुइझाच्या आलिशान मोटारी तोवर बंद पडल्या होत्या; रोल्स-रॉइसच्या नव्या गाड्यांत मात्र गिअरबॉक्सवरून फिरणारा सर्वो अजून बसत होता.