पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा नित्यनेम

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ साली चौंडी गावी झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव व पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. दुःखाचे डोंगर कोसळले, पण देवीचा नेम ढळला नाही. महेश्वरी पहाटे उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण व अन्नदान झाल्यावरच त्या भोजन करीत; मग दरबारी रयतेची गाऱ्हाणी ऐकत. याच नेमाच्या बळावर त्यांनी राज्य सांभाळले आणि काशीविश्वेश्वरासह अनेक देवळांचा जीर्णोद्धार केला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेवला. जीर्णोद्धार झालेल्या या मंदिरात रोज एक दिवा लावण्याचा नेम प्रत्येक घराने धरावा, हीच त्या माउलीला खरी आदरांजली!