डॉ. लिव्हिंग्स्टन आणि मिठाचे रण

नाशिकच्या शरणपूर रस्त्याने मी रोज कॉलेजला येते. या रस्त्याचा आफ्रिकेतील एका रणाशी काही संबंध असेल, असे गेल्या दिवाळीपूर्वी कोणी म्हणाले असते तर मी हसले असते. दिवाळीत मामांकडे एका पर्यटन कंपनीची रंगीत पुस्तिका हाती पडली. बोत्स्वाना देशातील मकगडिकगडी नावाच्या पांढऱ्याशुभ्र रणाच्या कडेला तंबू, तंबूत गालिचे आणि पलंग, आणि समोर क्षितिजापर्यंत काहीही नाही! एका रात्रीचे भाडे वाचून मामींनी पुस्तिका मिटून ठेवली. मी ती पुन्हा उघडली, कारण खालच्या कोपऱ्यात डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव होते. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयातून त्यांचे प्रवासवर्णन काढले, आणि सहामाही परीक्षेचा अभ्यास मागे पडला.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म 1813 साली स्कॉटलंडमधील ब्लॅन्टायर या गावी झाला. दहाव्या वर्षी ते कापडाच्या गिरणीत कामाला लागले. तेथून वैद्यकी आणि धर्मशिक्षण पुरे करून 1841 मध्ये मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. 1844 मध्ये सिंहाने त्यांचा डावा दंड फोडला. तो हात पुढे कधीच धड झाला नाही. 1845 मध्ये मेरी मोफात यांच्याशी विवाह झाला. हे सारे चरित्रकोशात मिळते. मला सांगायचे आहे ते रणाविषयी.

फार प्राचीन काळी तेथे अफाट सरोवर होते. नद्यांनी वाटा बदलल्या, सरोवर आटले, तळाचे क्षार उरले. आपल्या कच्छच्या रणासारखेच म्हणा ना. पावसाळ्यात त्यावर उथळ पाणी साचते, झेब्र्यांचे कळप आणि रोहित पक्षी येतात. एरवी तडे गेलेला पांढरा पापुद्रा.

1 जून 1849 रोजी लिव्हिंग्स्टन कोलोबेंगहून न्गामी सरोवराच्या शोधात निघाले. बरोबर मंगो मरे आणि विल्यम कॉटन ऑस्वेल होते. हे ऑस्वेल पूर्वी मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होते. कलाहारीत पाण्याचे हाल सुरू झाले. अशात झुडपांतून कोणीतरी पळताना दिसले. ऑस्वेलना वाटले सिंह. पाठलाग केला तर ती एक बुशमन बाई निघाली. (या लोकांना आता सान म्हणतात.) तिला पाण्याविषयी विचारले. ती घोड्यांपुढे झपझप आठ मैल चालली आणि न्चोकोत्साचे पाणी तिने दाखवले. तिला घरी जायचे होते, पण आपण अजून कैदेतच आहोत असे तिला वाटत होते. मांसाचा तुकडा आणि मण्यांचा सर देऊन तिची समजूत घालण्यात आली. तिचे नाव पुस्तकात नाही. मी दोनदा शोधले.

तेथेच झाडीचा पट्टा संपून एकाएकी रण समोर आले. मावळतीच्या उन्हात त्यावर निळसर झाक होती. सरोवर सापडले म्हणून ऑस्वेल यांनी टोपी हवेत उडवली! खरे सरोवर अजून तीनशे मैलांवर होते. मृगजळ असे की कुत्री आणि घोडीदेखील त्या खोट्या पाण्याकडे धावली. 1 ऑगस्टला न्गामी दिसले. त्याबद्दल लंडनच्या भूगोल संस्थेने लिव्हिंग्स्टन यांना 25 गिनींचे पारितोषिक दिले.

इथवर वाचताना मला त्यांचा अभिमान वाटत होता. 1851 च्या प्रवासाने तो डळमळला. या वेळी मेरीबाई बरोबर होत्या, त्यांना दिवस गेलेले होते, आणि तीन मुले होती. थोरला पाच वर्षांचा. आदल्याच वर्षी अशाच एका प्रवासाहून परतल्यावर जन्मलेली मुलगी सहा आठवड्यांत गेली होती. न्त्वेत्वे हे पंधरा मैल रुंद आणि शंभर मैल लांब रण मागे टाकून मंडळी उत्तरेला वळली. शोबो नावाचा बुशमन वाटाड्या मध्येच नाहीसा झाला. गाडीतले पाणी एका नोकराने वाया घालवले होते. उरले ते मुलांपुरते, तेही संपत आले. पाचव्या दिवशी माणसे पाणी घेऊन परतली. मेरीबाई नवऱ्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत, नुसते डोळे भरून आले, असे लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. पण लिहिणे वेगळे आणि मुलांना तेथे नेणे वेगळे. याबाबतीत आमच्या सरांचे आणि माझे जमले नाही.

1853 मध्ये ते पुन्हा न्त्वेत्वे ओलांडून गेले, या खेपेला कुटुंब इंग्लंडला पाठवून. रणाच्या उत्तरेला दोन मैलांवर एका गोरखचिंचेखाली बैल सोडले आणि झाडाचा घेर मोजला तो पंच्याऐंशी फूट भरला. पुढे व्हिक्टोरिया धबधबा, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा प्रवास, 1857 चे गाजलेले पुस्तक. 1862 मध्ये मेरीबाई झांबेझीकाठी वारल्या.

आता शरणपूर. 1864 मध्ये लिव्हिंग्स्टन स्वतःची छोटी आगबोट हाकत झांझिबारहून मुंबईला आले. बरोबर चुमा आणि विकातानी ही आफ्रिकन मुले होती; त्यांना डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवले. पुढच्या वर्षी ते पुन्हा मुंबईत आले, बोट विकली, आणि ते पैसे ज्या बँकेत ठेवले ती बुडाली! गुलामांच्या बोटींतून सोडवलेली आफ्रिकन मुले तेव्हा शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत होती. त्यांतील नऊ जण 1866 च्या अखेरच्या मोहिमेवर त्यांच्याबरोबर गेले. जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच, तो 1872 मध्ये जाऊन मिळाला.

1873 च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी हृदय तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना म्हटली, झाडावर नाव कोरले. मग हजार मैलांहून अधिक वाट तुडवत त्यांनी देह समुद्रापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये दफन झाले, तेव्हा जेकब मानकऱ्यांत होता. चुमा आणि सुसी त्या दिवशी नव्हते. त्यांना मागाहून इंग्लंडला नेले, आणि लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या वह्या छापण्यासाठी तयार करताना संपादकाने शंका त्यांना विचारून घेतल्या.