शांता आपटे: आल्बमातली अकरा कार्डे

ह्या स्मरणिकेसाठी आम्ही सभासदांकडे जुन्या वस्तू मागितल्या तेव्हा बोटीची तिकिटे, पासपोर्ट, पितळी डबे, पहिल्या हिवाळ्यात घेतलेले कोट असे काहीबाही येईल, अशी अपेक्षा होती. तसे आलेही. पण आमच्या एका ज्येष्ठ सभासद आजींनी जे आणून दिले ते आमच्या यादीत कुठेच बसेना. काळ्या जाड पानांचा, दोरीने बांधलेला आल्बम आणि त्यात सिनेमातल्या नटनट्यांची त्रेसष्ट पोस्टकार्डे! आजींच्या आईने लग्नाआधी पुण्यात जमवलेली. आजी आता मोठे घर विकून लहान जागेत राहायला चालल्या आहेत आणि आम्ही मागितला नसता तर आल्बम कागदाच्या पेटीतच जायचा होता.

आपल्या आगमनाशी ह्याचा संबंध काय, असा प्रश्न समितीत निघाला. दोन बैठका त्यावर गेल्या. मग आमच्यातल्या एका मुलीने, ती इथेच जन्मलेली, पाने उलटता उलटता विचारले की ही एकच बाई पुन्हा पुन्हा का येते? मोजले तर त्रेसष्टपैकी अकरा कार्डे एकाच नटीची निघाली. नाव सगळ्यांना वाचता आले, शांता आपटे. त्यापुढे सांगायला मात्र वडीलधाऱ्यांपैकीही फारसे कोणी पुढे झाले नाही. तेव्हा ठरले की त्यांचे चरित्र ह्या अंकात द्यायचे.

शांताबाईंचा जन्म १९१६ सालचा, दुधनीचा. सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटच्या पुढे, कानडी मुलखाच्या हद्दीवरचे हे रेल्वेचे गाव. वडील स्टेशनमास्तर होते आणि त्यांना गाण्याचा नाद होता. मुलीचा गळा त्यांनी लवकर ओळखला. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिचे शिक्षण झाले आणि पुण्याच्या गणेशोत्सवातल्या मेळाव्यांत लहान वयातच ती गाऊ लागली. घरंदाज ब्राह्मण कुटुंबातल्या मुलीने सिनेमात जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. दुर्गाबाई खोटे नुकत्याच पडद्यावर आल्या होत्या आणि त्यावरच घरोघर वाद चालू होते. शांताबाईंच्या पाठीशी त्यांचे भाऊ बाबूराव उभे राहिले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडक कृष्ण झाले आणि सोळा वर्षांच्या शांताबाई राधा.

खरे नाव झाले ते प्रभातमध्ये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. पुण्यात आल्यावरचा ‘अमृतमंथन’ १९३४ चा. त्यात शांताबाई नायिका नव्हत्या, नायकाची बहीण होत्या, तरी लोक गाणी गुणगुणत बाहेर पडले ती त्यांची. ह्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तेव्हा पार्श्वगायन रुळले नव्हते. नटाने कॅमेऱ्यापुढेच गायचे आणि तेव्हाच ते ध्वनिमुद्रित व्हायचे. मायक्रोफोनपासून तोंड हलले की आवाज गेला, म्हणून गाणारी माणसे खांबासारखी उभी राहत. शांताबाई हात, डोळे, मान ह्यांसकट गायच्या. संगीतकार केशवराव भोळे ह्यांना भावाचे गाणे हवे होते आणि त्यांना तशी गायिका मिळाली. आल्बमातल्या एका कार्डावर त्यांचा उजवा हात अर्धवट उचललेला आहे. आम्हाला आधी वाटले होते की फोटो चुकला!

पुढे ‘अमरज्योती’, ‘राजपूत रमणी’, ‘वहाँ’ झाले. पण आल्बमातली सर्वांत हाताळलेली, कोपरे गोल झालेली दोन कार्डे १९३७ च्या ‘कुंकू’ची आहेत. व्ही. शांतारामांचा हा चित्रपट नारायण हरी आपटे ह्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून केलेला. नीरा ह्या पोरक्या मुलीचे लग्न मामा फसवून एका उतारवयाच्या विधुर वकिलाशी लावून देतो. आजवरच्या गोष्टींत अशी मुलगी रडायची, विहीर जवळ करायची किंवा पतीच्या पायाशी बसायची. नीरा ह्यातले काहीच करत नाही. ती घरात राहते, पण हे लग्न आपल्याला मान्य नाही हे शेवटपर्यंत सांगत राहते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडते. ग्रामोफोनची तबकडी लावून लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. आणि केशवराव दात्यांनी रंगवलेले काकासाहेब वाईटच आहेत असेही नाही, त्यामुळे तर पाहणाऱ्याची फारच अडचण होते. त्यांना अखेरीस चूक उमगते. ते तिचे कुंकू पुसतात आणि स्वतःचे जीवन संपवतात. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच तेवढे आहेत. भिंतीवरचे जुने घड्याळ तर त्यात एक पात्रच आहे. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ नावाने गेला आणि देशभर शांताबाई म्हणजे नीरा असे समीकरण झाले.

आजी सांगतात की त्यांच्या आईने ही दोन कार्डे आल्बमात लावलीच नव्हती, जोत्याच्या फळीमागे ठेवली होती. वडिलांनी पाहिली असती तर काय झाले असते ते त्यांनी कधी सांगितले नाही. स्थळे येऊ लागली होती एवढेच त्या म्हणायच्या.

१९३८ च्या ‘गोपालकृष्ण’नंतर कंपनीशी बिनसले. वाद कराराचा आणि पैशाचा होता. आजचा वाचक विचारील की एवढ्या मोठ्या नटीला भांडायचे कारण काय? कारण त्या काळी चित्रपट कंपन्यांत नटनट्या महिन्याच्या पगारावर असत. करारात बांधलेले असेपर्यंत दुसरीकडे काम करायची मुभा नसे. म्हणजे घरोघर फोटो, आणि हातात ठरीव पगार. जुलै १९३९ मध्ये शांताबाईंनी पुण्यात स्टुडिओच्या दारात उपोषण मांडले. सत्याग्रहाचा काळ होता, उपोषण कोणाला नवे नव्हते, पण सिनेनटीने मालकाविरुद्ध केलेले उपोषण नवे होते. बघ्यांची गर्दी झाली, वर्तमानपत्रांना बातमी मिळाली आणि त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिले, ‘जाऊ मी सिनेमात?’. शीर्षकावरून वाटते की सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना चार उपदेशाच्या गोष्टी असतील. प्रत्यक्षात ते ह्या धंद्याची चिरफाड करणारे पुस्तक आहे. पैसा कोण घालतो, श्रम कोण करतो आणि नफा कोणाकडे जातो ह्याची चर्चा एका तेविशी-चोविशीतल्या नटीने मराठीत केली. आमच्या मते ‘कुंकू’इतकेच हे त्यांचे मोठे काम आहे, आणि ते जवळजवळ विसरले गेले आहे.

ह्या ठिकाणी आपल्या ओंटारियोची आठवण येते. ग्वेल्फपासून तासाभरावर हॅमिल्टन आहे. तिथे जन्मलेली फ्लॉरेन्स लॉरेन्स ही अमेरिकेच्या पडद्यावरची पहिली तारका मानतात. १९१० पर्यंत तिचे नावसुद्धा प्रेक्षकांना सांगितले जात नसे. कंपनीच्या नावाने ती ओळखली जाई, कारण नाव झाले की नटी पगार वाढवून मागेल अशी मालकांना धास्ती! आणि मेरी पिकफोर्ड तर टोरोंटोची. तिने १९१९ मध्ये चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ ह्यांच्यासह स्वतःचीच कंपनी काढून तो प्रश्न मिटवला. गंमत अशी की आजींच्या आल्बमात मेरी पिकफोर्डचेही एक कार्ड आहे, विलायतेत छापलेले. ते तिथून पुण्याला गेले आणि पुण्याहून आजींच्या पेटीत, गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी, मेरीच्या जन्मगावाच्या विमानतळावर उतरले. आजींच्या आईला ही टोरोंटोची मुलगी हे ठाऊकही नव्हते.

प्रभातनंतरचा प्रवास भराभर सांगतो. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’साठी शांताबाई तमिळ शिकल्या. त्यात त्या सावित्री आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद. लाहोरला जाऊन ‘जमीनदार’ केला. १९४६ च्या ‘सुभद्रा’त नवख्या लता मंगेशकरांबरोबर त्या गायल्या. पार्श्वगायनाचे युग आले, गाणारी आणि दिसणारी बाई वेगवेगळी झाली आणि ज्यांचे दोन्ही एकत्र होते त्यांचे महत्त्व ओसरले. पन्नासच्या दशकात पौराणिक चित्रपटांतली कामे उरली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी, आजारानंतर, मुंबईत अंधेरीला त्या गेल्या. वय अवघे सत्तेचाळीस. त्याच वर्षीच्या वसंतात ग्वेल्फ विद्यापीठाची स्थापना झाली आणि काही वर्षांनी आजींचे यजमान तिथे रुजू झाले.

कार्डांविषयी थोडे, कारण तुमच्या माळ्यावरही अशी असू शकतील. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातले चित्र. जाळी नसेल तर तो खरा फोटो, पोस्टकार्डाच्या पाठीच्या कागदावर काढलेला. अशा कार्डावर तिकिटाच्या चौकोनात बहुधा कागद बनवणाऱ्याचे नाव असते आणि त्यावरून काळाचा अंदाज येतो. काळ्या भागावर आरशासारखी चकाकी आली असेल तर ती घाण नव्हे, फोटोतली चांदी वर आली आहे. पुसू नका. खळीने चिकटवलेले कार्ड ओढून काढू नका. आमच्यातल्या एकाने काढले आणि पाठीवरचा मजकूर पानालाच राहिला. आजींच्या आईने काळे कोपरे वापरले होते म्हणून आपल्याला पाठी वाचता आल्या. बहुतेक कोऱ्या आहेत. एकीवर किराण्याचा हिशेब आहे.

शताब्दीच्या कार्यक्रमात आल्बम मांडला जाईल. त्यात शांताबाईंच्या पानावर तुम्हाला अकरा नव्हे, बारा कार्डे दिसतील. बाराव्यावर नाव नाही, डोक्यावर घागर, चेहरा अर्धा वळलेला. दोघा सभासदांच्या मते ती ‘गोपालकृष्ण’मधली राधा, बाकीचे म्हणतात की ही शांताबाई नव्हेच. आजींचे म्हणणे, आईने त्या पानावर लावले म्हणजे त्याच. आम्ही कार्ड तिथेच ठेवले आहे, नावाशिवाय, आणि शेजारी भिंग.