टाइम मशीनच्या लेखकाला डायबेटिस झाला तेव्हा

एच. जी. वेल्स हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्याच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टी सिनेमात आणि गेममध्ये नक्कीच पाहिल्या असतील. टाइम मशीन हा शब्द त्यानेच रूढ केला. अदृश्य माणूस त्याचा. मंगळावरून येऊन पृथ्वीवर हल्ला करणारे परग्रहवासीही त्याचेच. १९१४ च्या एका कादंबरीत तर त्याने अणुबॉम्ब लिहून ठेवला होता. ती कादंबरी लिओ झिलार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली.

टेक वेबसाइटवर वेल्सबद्दल लिहायचं म्हणजे साधारण हेच लिहितात. मला मात्र त्याचं एक वेगळं काम सांगायचंय. त्यात ना मशीन आहे, ना परग्रहवासी. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्याने डायबेटिस असलेल्या लोकांची एक संघटना उभी केली, आणि ती आज नव्वद वर्षांनंतरही चालू आहे.

हे मला भिडलं त्याला कारण आहे. मी ज्या टीममध्ये आहे ती शुगरच्या नोंदी ठेवणारं एक ॲप बनवते. आम्ही ग्राफ सुंदर करण्यात महिनोन्‌महिने घालवतो. आणि सपोर्टच्या इनबॉक्समध्ये प्रश्न काय येतात? उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालेल का, ज्वारीच्या दोन भाकऱ्या म्हणजे किती, ऑफिसात सुई कुठे टोचू. ग्राफबद्दल कुणीच विचारत नाही!

दुकानदाराचा मुलगा

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमलीचा. वडील आधी माळी होते, मग चिनीमातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकायचं छोटं दुकान टाकलं. दुकान काही धड चालायचं नाही, पण ते गोलंदाज पक्के होते. १८६२ मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी सलग चार चेंडूंत चार गडी बाद केले होते! क्रिकेटमधून मिळणाऱ्या पैशावर घर चालायचं. १८७७ मध्ये त्यांच्या मांडीचं हाड मोडलं आणि तो पैसाही थांबला. आई एका मोठ्या हवेलीत कामाला गेली आणि मुलं उमेदवारीला लागली.

वेल्सच्या नशिबी कापडाचं दुकान आलं. रोज तेरा तास काम आणि झोपायला इतर पोरांबरोबर एक खोली. मध्येच काही आठवडे तो मिडहर्स्टमध्ये एका केमिस्टकडे होता. काम त्याला आवडलं, प्रिस्क्रिप्शन वाचता यावीत म्हणून तो लॅटिनही शिकायला लागला. पण केमिस्ट व्हायचं तर शिकवणीची आणि परीक्षेची फी लागणार होती, ती घरात नव्हती. संपलं. औषधाची बाटली आणि माणूस यांच्यामध्ये पैसा कसा उभा असतो, हे त्याने काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं होतं.

१८८४ मध्ये स्कॉलरशिप मिळवून तो लंडनच्या सायन्स कॉलेजात पोचला. आठवड्याला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, एवढ्यावर भागवायचं. तिथे पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला थॉमस हक्सली होता, डार्विनचा सगळ्यात कडवा पाठीराखा. त्या एका वर्षावर वेल्सने आयुष्यभराचं लिखाण काढलं असं म्हटलं तरी चालेल. पुढची वर्षं मात्र घसरली. शेवटच्या परीक्षेत तो नापास झाला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. वेल्समधल्या एका शाळेत (हा वेल्स म्हणजे प्रांत, गोंधळू नका) मास्तरकी धरली. तिथे फुटबॉल खेळताना एकाने त्याला असं आडवं केलं की मूत्रपिंडाला मार बसला. पाठोपाठ फुफ्फुसातून रक्त पडायला लागलं आणि क्षयाचा संशय आला. विशीतच त्याने स्वतःला जवळजवळ मेलेला धरलं होतं. तरी बाहेरून परीक्षा देऊन १८९० मध्ये प्राणिशास्त्रात बी.एससी. झाला. पुढे १८९५ ते १८९८ या चार वर्षांत त्याने टाइम मशीन, डॉक्टर मोरोचं बेट, अदृश्य माणूस आणि मंगळवासीयांचा हल्ला अशा चार कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याकडे लोक चार वर्षांत एक स्टार्टअप नीट उभा करू शकत नाहीत.

आता एक कडू गोष्ट. १९०१ मध्ये त्याने अँटिसिपेशन्स नावाचं पुस्तक लिहिलं, भविष्याबद्दल. रेल्वे, मोटारी, शहरं यांच्याबद्दलचे त्याचे अंदाज भारी आहेत. पण त्याच पुस्तकात आजारी आणि दुबळ्या माणसांनी मुलं होऊ देऊ नयेत आणि गोऱ्या नसलेल्या लोकांना पुढच्या जगात जागा राहणार नाही, असलं भयंकर लिखाण आहे. वेल्सचे चाहते हे पान पटकन उलटतात. मला ते उलटायचं नाही, कारण पुढचं सगळं त्याच्या उजेडात वाचायला हवं.

इन्सुलिन आलं, पण कुणापर्यंत?

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायचे प्रयोग केले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी प्रत्येकी एक डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. ओपन सोर्सची बाजू घेणाऱ्यांनी ही गोष्ट पाठ करून ठेवावी अशीच आहे. पण कोड ओपन केला म्हणून तो प्रत्येकाच्या फोनवर आपोआप इन्स्टॉल होत नाही, तसंच इथेही झालं.

याचा नमुना म्हणजे रॉबिन लॉरेन्स, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधला तरुण स्कॉटिश डॉक्टर. १९२० मध्ये कानाच्या हाडाच्या ऑपरेशनचा सराव करताना हाडाची कपची उडून त्याच्या डोळ्यात गेली. इन्फेक्शन झालं, आणि तपासणीत डायबेटिस निघाला. तेव्हा यावर इलाज म्हणजे जवळजवळ उपाशी राहणं. घरच्यांसमोर मरायला नको म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला. १९२३ मध्ये हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्याची तार आली की इन्सुलिन मिळालंय, लागू पडतंय, लवकर ये. अंगात त्राण नसताना तो गाडी चालवत लंडनला आला आणि ३१ मे १९२३ ला त्याला पहिलं इंजेक्शन मिळालं. तो पुढे पंचेचाळीस वर्षं जगला.

तार पाठवायला ओळखीचा माणूस होता म्हणून लॉरेन्स वाचला. ओळख नसलेल्यांचं काय, हा प्रश्न त्याला सुटला नाही.

तेव्हाचा डायबेटिस सांभाळणं म्हणजे काय, हे जरा समजून घ्या. सिरिंज काचेची. सुई स्टीलची, पुन्हा पुन्हा उकळायची, बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. घरी रक्त तपासायची सोय नव्हती, लघवी तपासायची. बेनेडिक्टचं निळं द्रावण ५ मिली घ्या, त्यात लघवीचे आठ थेंब टाका, उकळा. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल म्हणजे भरपूर. द्रावणातलं तांबं ग्लुकोजमुळे बदलतं, त्याचा हा रंग. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला तुमच्यापैकी अनेकांनी हे केलंय.

यात मोठी गोची आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. शिवाय लघवी काही तास साठलेली असते. म्हणजे दिसतोय तो लाइव्ह डेटा नाही, जुना लॉग आहे. आणि साखर फार कमी झाली, जे इन्सुलिन घेणाऱ्याला जास्त धोक्याचं, तर ही टेस्ट काहीच सांगत नाही, निळीच्या निळी. आज दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी ब्लूटूथने आकडा फोनवर पाठवतो. तेव्हा माणसाला स्वतःच्या शरीरावरून अंदाज बांधावा लागायचा, आणि तो कसा बांधायचा हे कुणीतरी शिकवावं लागायचं.

लॉरेन्सने तेच शिकवायला घेतलं. १९२५ मध्ये त्याने द डायबेटिक लाइफ हे पुस्तक लिहिलं. खाण्याचा हिशोब सोपा व्हावा म्हणून त्याने काळ्या आणि लाल रेघांची पद्धत बसवली. एक काळी रेघ म्हणजे १० ग्रॅम कार्बोहायड्रेट, आणि लाल रेघ प्रथिनं आणि चरबीची. जेवणात किती काळ्या, किती लाल, एवढंच मोजायचं. मी पाहिलेल्या कित्येक ॲपपेक्षा हा इंटरफेस जास्त साफ आहे.

वर्तमानपत्रातलं पत्र

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, साठी उलटल्यावर, वेल्सला डायबेटिस निघाला आणि तो लॉरेन्सकडे आला. त्याचा डायबेटिस आपण आज टाइप २ म्हणतो तसल्या जातीचा होता, असं मानलं जातं. हा फरक तेव्हा स्पष्ट नव्हता, तो हेरॉल्ड हिम्सवर्थने १९३६ मध्ये दाखवला.

हॉस्पिटलमधला लॉरेन्सचा विभाग पैशाअभावी अडलेला होता. लॉरेन्सने आपल्या प्रसिद्ध पेशंटला शब्द टाकला. १९३३ मध्ये वेल्सने लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रात पत्र लिहून डायबेटिस असलेल्या पैसेवाल्यांना मदतीची हाक दिली. तेव्हाचा हा जगातला एक सर्वांत जास्त वाचला जाणारा लेखक होता, आणि मी त्यातलाच एक आहे हे त्याने छापून आणलं. आपल्याकडे आजही लग्न ठरताना मुलीची शुगर लपवतात, नोकरीत सुई बाथरूममध्ये जाऊन टोचतात. १९३३ मध्ये तर विचारूच नका.

जानेवारी १९३४ मध्ये वेल्सचं दुसरं पत्र आलं. यावेळी हॉस्पिटलसाठी पैसे मागितलेले नव्हते. डायबेटिस असलेल्यांची एक संघटना काढायची, गरीब-श्रीमंत सगळ्यांसाठी खुली, एकमेकांना मदत करायची, आजाराबद्दलची माहिती पसरवायची आणि उपचार सगळ्यांना मिळतील हे बघायचं, असा बेत त्याने मांडला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बेकर स्ट्रीटवरच्या चिल्टर्न कोर्टमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये पहिली बैठक झाली. वेल्स पहिला अध्यक्ष. नाव साधं, डायबेटिक असोसिएशन.

ही जगातली पहिली नव्हे. पोर्तुगालमध्ये लिस्बनला डॉक्टर एर्नेस्तो रोमाने १९२६ मध्येच गरीब मधुमेहींसाठी संघटना काढली होती. पण इंग्लंडात पेशंट आणि डॉक्टर एकाच टेबलाला बसणं नवीन होतं. गरजही मोठी होती. तिथला सरकारी आरोग्य विमा फक्त कामावर असलेल्या माणसाला लागू होता. त्याची बायको आणि मुलं त्यात नव्हती. पोराला डायबेटिस झाला तर डॉक्टर, औषध, सुया सगळं खिशातून. १९३५ पासून संघटनेने स्वतःचं नियतकालिक काढलं. खाणं, इंजेक्शन, रोजच्या अडचणी, सगळं साध्या भाषेत. आमच्या इनबॉक्समधले साबुदाण्याचे प्रश्न आठवतात ना, त्यांचीच ही इंग्लिश भावंडं.

गंमत बघा. त्याच १९३४ मध्ये वेल्स अमेरिकेत रूझवेल्टला भेटला आणि मॉस्कोत स्टॅलिनला. जगाचं एकच सरकार व्हावं हे त्याचं जुनं वेड होतं. दोघांनी ऐकून घेतलं. पुढे काय झालं ते आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकलोच. १९३८ मध्ये त्याने वर्ल्ड ब्रेन या पुस्तकात जगातलं सगळं ज्ञान एकत्र, सतत अपडेट होणारं आणि सगळ्यांना खुलं असावं अशी कल्पना मांडली. विकिपीडियाबद्दल बोलताना हे पुस्तक हमखास निघतं. तेही त्याच्या हयातीत झालं नाही. फ्लॅटमधली ती बैठक मात्र टिकली.

१९४० मध्ये, लंडनवर युद्धाचं सावट असताना, वेल्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करायचा घाट घातला. त्याच्या पुढाकाराने झालेल्या त्या मसुद्यात वंश किंवा रंग न पाहता प्रत्येकाला अन्न, घर आणि वैद्यकीय उपचार मिळालेच पाहिजेत असं आहे. आणि कुणाचीही त्याच्या संमतीशिवाय नसबंदी करता येणार नाही, असंही. १९०१ चं ते पान लिहिणाऱ्या माणसाच्या कामातली ही कलमं आहेत. मधल्या चाळीस वर्षांत त्याला काय काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही, पण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

१३ ऑगस्ट १९४६ ला, ऐंशीला थोडे दिवस कमी असताना, वेल्स लंडनमध्ये गेला. दोन वर्षांनी, ५ जुलै १९४८ ला, ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा सुरू झाली आणि बायका-मुलांसकट सगळ्यांना डॉक्टर मिळाला. १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्थापन झाला, त्याचा पहिला अध्यक्ष लॉरेन्स. १४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन, बँटिंगचा जन्मदिवस, याच महासंघाने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर १९९१ मध्ये सुरू केला. आपल्याकडे तो बालदिनाच्या गर्दीत हरवतो. मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांनी १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया काढली. माहीमचं रहेजा हॉस्पिटल त्याच संस्थेच्या कामातून उभं राहिलं.

वेल्सच्या संघटनेचं नाव आता डायबेटिस यूके आहे. चिल्टर्न कोर्टही आहे, बेकर स्ट्रीट मेट्रो स्टेशनच्या अगदी डोक्यावर. खाली स्टेशनबाहेर शेरलॉक होम्सचा पुतळा आहे आणि पर्यटक त्याच्यासोबत सेल्फी काढत असतात. कधी गेलात तर तुम्हीही काढा, आणि मग मान वर करून ती इमारतही बघा.