क्रांतिकारकाचा मका

मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. त्यांतल्या एका चित्रात मेजाभोवती कष्टकरी माणसे जमली आहेत आणि मध्यभागी बसलेला एक गृहस्थ भाकरी मोडतो आहे. तो चेहरा आपल्या वर्ध्याच्या डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा, असे मानले जाते. परक्या देशाने अन्नदात्याच्या जागी बसविलेला हा मराठी माणूस मुळात बंदुकीच्या शोधात घराबाहेर पडला होता.

१८८४ साली जन्मलेल्या खानखोज्यांवर शाळकरी वयातच टिळकांच्या विचारांची छाप पडली. लष्करी शिक्षण घ्यायचे, सैन्य उभारायचे आणि इंग्रजांना हाकलायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. टिळकांच्या सल्ल्याने ते आधी जपानला आणि तिथून अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी कॅलिफोर्नियातल्या लष्करी अकादमीत शिक्षण घेतले आणि शेतकी महाविद्यालयातही नाव घातले. कादंबरीकाराने असे पात्र रचले असते, तर समीक्षकांनी ते जमवून आणलेले ठरवले असते!

१९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापक मंडळींत ते होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे त्यांचे सहकारी. पिंगळे हिंदुस्थानात परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. खानखोजे पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानमार्गे इराणात शिरून इंग्रजांशी लढले. पुढे बर्लिन झाले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांच्या गटाबरोबर मॉस्कोही झाले. मायदेशाचा दरवाजा मात्र बंदच राहिला. १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले, तेव्हा चाळिशीला आले होते. हाती काय होते? शेतीशास्त्राची पदवी आणि फसलेला उठाव.

मेक्सिकोतली क्रांती नुकतीच शमली होती. १९१७ च्या घटनेने मोठमोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमिनी देण्याचा मार्ग खुला केला होता. राष्ट्रीय शेतकी विद्यालय ज्या चापिंगोत आले, तीही एका धनाढ्याची हवेलीच. खानखोजे तिथे वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणेचे प्राध्यापक झाले. जमीन मिळाली म्हणून पोट भरत नाही, घरातले बियाणेही कसदार लागते, हे त्यांनी ओळखले.

मेक्सिको हे मक्याचे माहेर. टेओसिंटे नावाचे रानगवत म्हणजे मक्याचा पूर्वज. या गवताशी मक्याचा संकर करून नवे वाण मिळते का, हे खानखोजे पाहत होते. टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने त्यांच्या प्रयोगांची छायाचित्रे काढली. पण मका हे मोठे अवखळ पीक. तुऱ्यातला पराग वाऱ्यावर उडतो आणि शेजारच्या कणसाच्या केसांवर जाऊन बसतो. प्रयोगशेतात कणसाला कागदी पिशवी बांधून, निवडक पराग हाताने टाकून वाण शुद्ध राखता येते. अर्ध्या एकराच्या मालकाने तेच बी पेरले आणि शेजाऱ्याने जुनेच, तर दोन-तीन हंगामांत सगळे मिसळून जाते.

आमच्या बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यातल्या वाचकांना हे चटकन कळणार नाही, कारण आपला जन्म उसात गेला. उसाचे बेणे म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. शेजाऱ्याचा ‘को-८६०३२’ चांगला दिसला की गाडीभर कांड्या आणाव्यात, लावाव्यात, तोच ऊस उगवतो. बँकेत पीककर्जाचे अर्ज तपासताना मी पाहिले आहे, बेणे कुठून आणणार या रकान्यात कारखान्याच्या नावापेक्षा भाऊबंदाचे नावच जास्त वेळा असायचे. मक्यात भाऊबंदकीचा असा उपयोग नाही. तिथे बियाण्याबरोबर ते राखण्याची विद्याही द्यावी लागते, आणि ती एकट्याला देऊन भागत नाही, गावाला द्यावी लागते.

खानखोज्यांनी नेमके हेच केले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांच्या संघटनांबरोबर त्यांनी मुक्त शेतकी शाळा उभ्या केल्या. विद्यार्थी म्हणजे नांगर धरणारी माणसे. चांगले कणीस उभ्या पिकातून कसे निवडावे, बी कसे साठवावे, हे तिथे शिकवले जाई. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इथे आहे. नवे वाण काढणारे शास्त्रज्ञ त्या काळीही पुष्कळ होते. आपली विद्या शेतकऱ्याच्या हवाली करून टाकणारे थोडे. अर्थात गदरच्या काळातली सवयही यात असेल. सामान्य माणसांना जमवून त्यांच्या हाती काहीतरी देणे, हे काम त्यांना नवे नव्हते.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी भारताकडे प्रवेशपरवाना मागितला, तर तो नाकारला गेला. इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरात तसेच राहिले होते! खुलासे झाले, परवाना मिळाला, १९४९ मध्ये ते येऊन गेले आणि १९५५ मध्ये नागपूरला कायमचे स्थायिक झाले. चाळीसहून अधिक वर्षे बाहेर काढलेल्या या माणसाला ओळखणारे फारसे कोणी उरले नव्हते. त्यांची कथा मराठी घरांत पोहोचली ती बरीच उशिरा, वीणा गवाणकरांच्या चरित्रामुळे. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ मध्ये.

१९६६ साली अन्नटंचाईने गांजलेल्या भारताने बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे परदेशातून मागविले. ते आले मेक्सिकोतून. ज्या देशाच्या शेतकऱ्यांना बियाणे राखायला शिकविण्यात खानखोज्यांची उमेदीची वर्षे गेली, तोच हा देश. ते तेव्हा नागपुरात होते, ऐंशी ओलांडलेले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा उत्तरेतल्या शेतांत तो मेक्सिकन गहू उभा होता.