वळीव, वणवा आणि शाहूंचे धरण

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला शिवाजी पेठेतल्या घरांवरचे पत्रे हात लावू देत नाहीत. चारला वारा पडतो, जीव घुसमटतो. पाचला धुळीचा लोट उठतो, दारे आपटतात, वाळवणे गोळा करायची धावपळ होते आणि वळीव कोसळतो. अर्ध्या तासात गांधी मैदानात पाणी. ते साचणारच. मैदान व्हायच्या आधी तिथे वरुणतीर्थ नावाचे तळे होते, आणि पाणी आपली जुनी जागा विसरत नाही.

त्याच आठवड्यात रात्री पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला नजर टाकली, तर डोंगराच्या अंगावर वणव्याची लाल माळ दिसण्याचा संभव असतो. वळीव आणि वणवा एकाच ऋतूत येतात. पाऊस आणि डोंगर यांचा हिशेब कोल्हापूर संस्थानात ज्या राजाने मनावर घेतला, त्याला पेठ मुख्यतः तालमींमुळे ओळखते.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दहाव्या वर्षी, १७ मार्च १८८४ ला, कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ ला राज्याधिकार हाती आले. तेव्हा वय वीसही पुरे नव्हते. दोन वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्याच्या पाठोपाठ प्लेग, आणि शतक संपता संपता पुन्हा दुष्काळ. तरुण राजाने स्वस्त धान्याची दुकाने काढली, दुष्काळी कामे सुरू केली, जनावरांच्या चारापाण्याची सोय लावली. प्लेगमध्ये शहर रिकामे करून माणसे बाहेर झोपड्यांत हलवावी लागली.

या दुष्काळातली विचित्र गोष्ट अशी, की संस्थानात पाऊस कमी नव्हता. गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि पूर्वेला शिरोळकडे जेमतेम पाचसहाशे. डोंगरावरचे पाणी चार महिन्यांत नद्यांतून निघून जायचे आणि उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवायच्या. वळवावर भरवसा ठेवता येत नाही. समुद्रावरून आलेली दमट हवा घाटमाथ्याशी तापून वर चढते, ढगांचे मनोरे उभे राहतात, पण एक ढग फार तर चार गावे भिजवतो. शेजारचे शिवार कोरडेच. शेतकऱ्याला मशागतीपुरती ओल मिळते, तळे भरत नाही.

शाहूंनी आधी संस्थानातल्या विहिरी आणि तळ्यांकडे लक्ष वळवले. १९०७ मध्ये त्यांनी भोगावती नदीवर मोठ्या धरणाची योजना हाती घेतली. फेजिवड्याजवळ वसवलेल्या गावाला मुलीच्या, राधाबाईंच्या नावावरून राधानगरी हे नाव दिले. छोट्या संस्थानाच्या तिजोरीला हे काम पेलण्यासारखे नव्हते. त्याच वर्षांत वसतिगृहे उभी राहत होती, १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या गेल्या होत्या, पुढे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. पन्हाळ्यावर चहाची लागवड करून पाहण्याची हौसही होतीच. पैसा अपुरा पडला, महायुद्ध आले आणि धरणाची भिंत अर्धवट राहिली.

धरणाच्या मागे दाजीपूरचे जंगल. ते पर्यावरणाच्या काळजीपोटी राखले, असे म्हणणे खरे होणार नाही. राजाला शिकारीचा नाद होता, म्हणून राखले. आसपासच्या माणसांना त्या राखण्याचा जाचही झाला असणार. पण धरणाला त्याचा फायदा झाला. दाट सदाहरित झाडीखाली उन्हाळ्यातही ओल टिकते, तिथे आग सहज शिरत नाही. धोका असतो तो कडेच्या गवताळ उतारांना आणि सड्यांना. फेब्रुवारीपासून गवत वाळते, दुपारी हवेतली आर्द्रता घसरते, आणि कोवळा चारा फुटावा म्हणून लावलेली काडी किंवा टाकलेली बिडी पुरते. उतारावर आग वर चढताना वेग घेते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवते.

वीज पडूनही आग लागते, पण आपल्याकडे बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात. वळवाचा खरा धोका त्याच्या वाऱ्यात आहे. पाऊस पडायच्या आधी ढगातली थंड हवा जमिनीवर आदळते आणि चारी दिशांना पसरते. धुमसणारा वणवा त्या वाऱ्याने क्षणात दिशा बदलतो आणि विझवायला गेलेली माणसे कात्रीत सापडतात. मागून पाऊस आला तर आग विझते, पण जळून उघड्या पडलेल्या उतारावर पहिल्याच टपोऱ्या थेंबांनी राख आणि वरची माती सुटते. ती ओढ्यांतून खाली जाते आणि धरणात बसते. शेकडो वर्षांत तयार झालेला मातीचा थर असा एका संध्याकाळी वाहून जाऊ शकतो.

६ मे १९२२ ला मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी व्हायच्या आत. धरण त्यांनी पुरे झालेले पाहिले नाही. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. ८.३६ टीएमसी साठ्याचे, पाणी चढले की आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांचे. कोल्हापुरात पावसाळ्यात आजही हे दरवाजे किती उघडले, याची विचारपूस घरोघरी होते. दाजीपूरला १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले.

जलाशयात शाहूंनी बांधलेला बेनझीर व्हिला आहे. एरवी तो पाण्याने वेढलेला असतो. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की त्याचे पडके अवशेष उघडे होतात आणि लोक ते बघायला जातात. नेमके त्याच दिवसांत भोवतालच्या उतारांवर गवत वाळून पिवळे पडलेले असते, आणि वळीव अजून यायचा असतो.