संत आयरेनियस : शुभवर्तमानांचा साक्षीदार

शुभवर्तमाने नेमकी कधी लिहिली गेली, असे तरुण मंडळी अनेकदा विचारतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमारास, मत्तय व लूक यांची ८० ते ९० च्या दरम्यान आणि योहानाचे ९० ते १०० च्या दरम्यान लिहिले गेले. मग प्रभू येशूच्या मरण-पुनरुत्थानानंतरची ती ४० वर्षे त्याची आठवण कोणी जपली? हा प्रश्न रास्त आहे. त्याचा विचार करताना संत आयरेनियस यांचे जीवन उपयोगी पडते.

आयरेनियस यांचा जन्म इ. स. १३० च्या सुमारास आशिया मायनरमध्ये झाला. बालपणी त्यांनी स्मुर्णा येथील बिशप संत पॉलिकार्प यांची प्रवचने ऐकली. पॉलिकार्प यांनी योहानाला आणि प्रभूला पाहिलेल्या इतरांना जवळून ऐकले होते. म्हणजे प्रभू आणि आयरेनियस यांच्यामध्ये जेमतेम दोन पिढ्या होत्या.

पुढे ते गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, लिऑन येथे धर्मगुरू झाले. इ. स. १७७ मध्ये तेथे भीषण छळ झाला. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस तुरुंगात मरण पावले. ब्लांदिना नावाच्या दासीने रक्तसाक्ष्य दिले. त्याच सुमारास आयरेनियस ख्रिस्तसभेचे पत्र घेऊन रोमला गेले होते. परतल्यावर त्या जखमी मेंढरांची जबाबदारी बिशप म्हणून त्यांच्यावर आली.

तेव्हा ज्ञानवादी पंथ निवडक लोकांनाच गुप्त ज्ञान मिळते असे शिकवीत. फ्लोरिनस हा त्यांचा ओळखीचा माणूसही त्या मार्गाला लागला. त्याला आयरेनियस यांनी पत्र लिहिले. पॉलिकार्प कोठे बसून शिकवीत, कसे चालत, योहानाच्या आठवणी कशा सांगत, हे सारे त्यांनी त्याला आठवून दिले. वाद जिंकण्यापेक्षा हरवलेला भाऊ परत यावा, ही तळमळ त्या पत्रात होती.

इ. स. १८० च्या सुमारास त्यांनी पाखंडी मतांविरुद्ध पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. शुभवर्तमाने चारच, हे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. मत्तयाने इब्री लोकांसाठी, पेत्राच्या शिकवणीवरून मार्कने, पौलाचा सोबती लूक याने आणि इफिस येथे योहानाने ती लिहिली, असे ते सांगतात. आजचे बहुतेक अभ्यासक मार्कला पहिला मानतात. क्रमाबाबत मतभेद आहेत. पण आयरेनियस यांचा मुख्य मुद्दा वेगळा होता. प्रेषितांची शिकवण गुप्त नव्हती. ती मंडळ्यांमध्ये उघडपणे, सर्वांसमोर सांगितली जात होती. शुभवर्तमाने त्या जिवंत आठवणीतून लिहिली गेली.

इ. स. २०० नंतर लवकरच त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य घोषित केले. २८ जून हा त्यांचा स्मरणदिन.

बंधूभगिनींनो, उतारवयातही आयरेनियस यांना आपला गुरू कोठे बसत असे हे आठवत होते. आपण घरी शुभवर्तमान उघडून बसलो, तर आपल्या मुलांनाही ती जागा आठवेल.